टेकडी चढता येते, सिलिंडर उचलवत नाही

गेल्या दिवाळीच्या तोंडावर गॅस आला आणि नेमकी लिफ्ट बंद. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. म्हटलं, बारा वर्षं रोज पहाटे टेकडी चढणारा माणूस मी, दोन जिन्यांचं काय कौतुक! भरलेला सिलिंडर म्हणजे १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड, मिळून तीसेक किलो. पहिल्या वळणावरच कंबर बोलायला लागली. दम अजिबात लागला नव्हता, नुसती बोटं सुटत होती आणि मांड्या थरथरत होत्या. शेवटी तळमजल्यावर राहणाऱ्या, कॉलेजात जाणाऱ्या पोराने तो खांद्यावर टाकून वर नेऊन ठेवला. पोरगा रोज जिमला जातो.

पुढच्या रविवारी तोच पोरगा हौसेने आमच्याबरोबर सिंहगडावर आला. आतकरवाडीतून निघालो आणि अर्ध्या वाटेत तो दगडावर बसला. चेहरा लाल, छाती भात्यासारखी. म्हणाला, “काका, तुम्ही व्हा पुढे.”

त्याच्याकडे ताकद होती, माझ्याकडे दमसास. आणि गंमत म्हणजे आम्ही दोघंही स्वतःला ‘व्यायाम करणारा माणूस’ म्हणवून घेत होतो.

आपल्याकडे व्यायामाच्या दोन वाड्या पडल्यात. एक चालणाऱ्यांची-धावणाऱ्यांची, तिथे पावलं मोजतात, मॅरेथॉनची पदकं कपाटाला टांगतात. दुसरी वेट्सवाल्यांची, तिथे दंडाचा घेर मोजतात आणि ट्रेडमिलला नाकं मुरडतात, कारण ‘कार्डिओ केलं की मसल जातं’. दोन्ही वाड्यांच्या म्हणण्यात थोडं खरं आहे, पण ते नेमकं किती, हे समजून घेण्यासारखं आहे.

एकाच देहातली दोन कामं

भराभर चालणं, धावणं, सायकल, पोहणं, जिना चढणं या सगळ्याला आपण कार्डिओ म्हणतो. त्यात मुख्य काम असतं पुरवठ्याचं. काही महिने नियमित केलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. म्हणून बसल्या जागची नाडी खाली येते: तेवढंच रक्त कमी ठोक्यांत पोचतं. स्नायूंभोवती बारीक केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. स्नायूंच्या पेशींतल्या मायटोकाँड्रिया, म्हणजे इंधन जाळून ऊर्जा काढणाऱ्या भट्ट्या, वाढतात. स्नायू मात्र फारसा जाड होत नाही. त्याला त्याची गरजच पडत नाही, कारण चालताना एकेका पावलाला लागणारा जोर हा त्या स्नायूच्या ऐपतीपेक्षा खूपच कमी असतो.

ताकदीच्या व्यायामाचं उलट असतं. तिथे थोड्याच वेळा, पण जड. पहिल्या महिना-दीड महिन्यात उचललं जाणारं वजन वाढत जातं तेव्हा लोकांना वाटतं, स्नायू वाढले. खरं तर तोवर मुख्यतः मेंदू सुधारलेला असतो: एका वेळी जास्त स्नायुतंतूंना कामाला लावणं, त्यांचा मेळ बसवणं हे तो शिकतो. आरशात काहीच दिसत नाही आणि तरी काल न हललेली बॅग आज उचलली जाते, ती यामुळे. तंतू जाड होण्याचं काम त्यामागून सावकाश चालतं. हाडांना आणि कंडरांनाही ओझ्याची खबर पोचते आणि तीही चिवट होतात.

चालून चालून हाडाला थोडाफार फायदा होतो, वेट्स करताना धापही लागते. पण चालण्याने तीस किलो उचलायची ताकद येत नाही आणि दंड फुगवून सिंहगड चढता येत नाही. शरीर जे मागाल तेच देतं, आणि तेही जेवढं मागाल तेवढंच.

तिशीनंतर, काहीच न करणाऱ्या माणसाचा स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के झिजतो, साठीनंतर आणखी वेगाने. ही झीज नुसत्या चालण्याने पुरेशी थांबत नाही. म्हणूनच सत्तरीतले काही आजोबा रोज बागेत पाच फेऱ्या मारतात, पण सत्यनारायणाला खाली बसले की उठताना दोघांना हात द्यावा लागतो.

पुण्यात निघालेली एक गोष्ट

हा विषय आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा का, त्याचं उत्तर पुण्यातच मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी आदर्श. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांच्याही आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर वाय, म्हणून हे ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ या नावाने ओळखलं जातं.

याचा सरळ अर्थ असा, की वजनकाट्यावर बारीक दिसणारा आपला माणूस आतून बारीक असेलच असं नाही. हातपाय काटकुळे, पोट थोडं पुढे, स्नायू कमी आणि चरबी जास्त. जेवणानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या सांगण्यावरून उचलणारं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे स्नायू. गोदामच लहान असेल तर माल बाहेर रस्त्यावर पडून राहणार. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्याला कारणं अनेक आहेत, पण लहान गोदाम हे त्यातलं एक, आणि ते आपल्या हातात असलेलं.

इथेच दोन्ही व्यायामांची सांगड कामाला येते. कार्डिओने गोदामाची दारं उघडी राहतात: स्नायू इन्सुलिनचं ऐकू लागतो, आणि चालताना तर इन्सुलिनची फारशी वाट न पाहताही साखर आत घेतो. ताकदीच्या व्यायामाने गोदामाला खोल्या वाढतात.

हे नुसतं तर्काने म्हणायचं नाही. अमेरिकेत लुइझियाना राज्यात टाइप २ मधुमेहाच्या २६२ बैठ्या लोकांवर नऊ महिने प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१० साली आले. काहींना फक्त कार्डिओ, काहींना फक्त वेट्स, काहींना दोन्ही थोडं थोडं, आणि एका गटाला यातलं काहीच नाही. यातली हुशारी अशी की तिन्ही गटांचा व्यायामाचा वेळ जवळपास सारखा ठेवला होता. त्याआधीच्या अशाच एका प्रयोगात दोन्ही करणाऱ्यांना जास्त फायदा दिसला होता, पण ते व्यायामच दुप्पट करत होते, मग फायदा मिश्रणाचा की जास्त घामाचा, हे कळेना. इथे ती शंका राहिली नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी केली तेव्हा व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत ठळक घट फक्त मिश्र गटात होती, सुमारे ०.३४ टक्क्यांची. हा आकडा औषधासारखा मोठा नाही, पण वेळ तोच ठेवून नुसती वाटणी बदलली आणि फरक पडला, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं.

‘कार्डिओ केलं की मसल जातं’ हे आलं कुठून

याची कथा एका वजन उचलणाऱ्या माणसापासून सुरू होते. रॉबर्ट हिक्सन नावाचा तरुण संशोधक अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत आला. होलोझी रोज दुपारी पळायला जायचे. साहेब पळतात म्हटल्यावर हिक्सनही पळू लागला. थोड्याच महिन्यांत त्याच्या लक्षात आलं, आपली कमावलेली ताकद ओसरतेय. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, स्वतःची प्रयोगशाळा मिळाली की आधी हेच तपास.

त्याने तपासलं. १९८० साली निष्कर्ष छापला. दहा आठवडे, तीन गट. पहिला आठवड्यातून पाच दिवस पायांचे जड व्यायाम करणारा. दुसरा सहा दिवस, रोज ४० मिनिटं, जीव तोडून सायकल किंवा पळणं. तिसरा हे दोन्ही, पूर्णच्या पूर्ण. पहिले सातेक आठवडे तिसऱ्या गटाची ताकद पहिल्यासारखीच वाढली. मग थबकली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क घसरली. याला ‘इंटरफिअरन्स’ म्हणतात, आपण ‘आडकाठी’ म्हणू. जिममध्ये ट्रेनर जे सांगतात त्याचं मूळ इथे आहे.

पण जरा आकडे पाहा. पाच आणि सहा मिळून आठवड्याला अकरा सत्रं, सगळी पायांवर, सगळी पूर्ण जोराने. आपल्यातलं कोण असं करतं? आणि तरीही सात आठवडे काही बिघडलं नाही. शिवाय, दमसास मात्र तिसऱ्या गटाचा दुसऱ्याइतकाच वाढला. वेट्समुळे त्यात काही खोट आली नाही. हा अर्धा निष्कर्ष सांगायला सगळे विसरतात.

आडकाठी येते कशी, याचं एक लोकप्रिय स्पष्टीकरण पेशीच्या आत जातं. समजा, घराचा एक कारभारी आहे आणि एक गवंडी. कारभाऱ्याचं नाव एएमपीके. ऊर्जा आटायला लागली की तो जागा होतो आणि म्हणतो, खर्च आवरा, आधी भट्ट्या वाढवा. गवंड्याचं नाव एमटॉर. जड वजन उचललं, पोटात प्रथिनं गेली, की तो बांधकाम काढतो. लांब पळून आल्यावर कारभारी ताठ उभा असतो आणि गवंड्याला म्हणतो, आज नको. प्राण्यांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांत हे छान दिसतं. माणसात मात्र हे बटणासारखं चालू-बंद होत नाही. माझ्या मते बहुतेकांच्या बाबतीत कारण फार साधं असतं: पाय आधीच थकलेले, झोप अपुरी, आणि खाणं खर्चापेक्षा कमी. थकल्या पायांनी बैठका मारल्या तर वजन कमी उचललं जातं, कमी उचललं तर कमी वाढतं. यात रेणूंचा काय दोष!

पुढे या विषयावर डझनावारी अभ्यास झाले. २०२२ साली त्यातले ४३ एकत्र तपासले गेले तेव्हा दिसलं, की दोन्ही व्यायाम एकत्र केल्याने स्नायूंच्या वाढीत किंवा एकूण ताकदीत म्हणावी अशी घट होत नाही. थोडा फटका बसतो तो स्फोटक ताकदीला, म्हणजे उंच उडी, झटक्यात झेप अशा गोष्टींना, आणि तोही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात लागोपाठ केले तर. तुम्ही कबड्डीचे चढाईपटू असाल तर याचा विचार करा. बँकेत नोकरी आणि संध्याकाळी भाजी, असा दिनक्रम असेल तर ही भीती सोडून द्या.

आणि धावणाऱ्यांसाठी याच हिक्सनचा दुसरा प्रयोग, १९८८ सालचा. मुरलेल्या धावपटू-सायकलपटूंना त्यांच्या नेहमीच्या सरावाबरोबर दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा पायांचे वेट्स करायला लावले. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता होती तेवढीच राहिली. पण ठरावीक जोराने सायकल मारत थकेपर्यंतचा वेळ सरासरी ७१ मिनिटांवरून ८५ मिनिटांवर गेला. पाय बळकट झाले की प्रत्येक पावलाला त्यांच्या ऐपतीतला कमी हिस्सा खर्च होतो. तेवढाच रस्ता स्वस्तात पडतो. साताऱ्याच्या घाटातली अर्धमॅरेथॉन असो की मुंबईचा पेडर रोड, चढावर याचा अर्थ समजतो.

तालमीत हे ठाऊक होतं

माझं आजोळ कोल्हापूरकडचं. मामा तरुणपणी तालमीत राहायचा. तिथे व्यायामाला व्यायाम म्हणत नाहीत, ‘मेहनत’ म्हणतात. पहाटे अंधारात पळणं. मग जोर, बैठका. हौदातली लाल माती फावड्याने उकरणं, दोरावर चढणं, करेला-मुद्गल हे जड लाकडी सोटे फिरवणं. आणि मग लढत. दुपारी खुराक आणि झोप, आणि ही झोप मेहनतीचाच भाग. मामा सांगायचा, की ताकदवान पण बिनदमाचा पैलवान पाच मिनिटं राजा असतो आणि सहाव्या मिनिटाला पाठीवर. निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालायची, तिथे दोन्ही लागायचंच. आता मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात, पण त्या सहा मिनिटांतही शेवटच्या अर्ध्या मिनिटात जो उभा असतो त्याला दोन्ही लागतं.

तालमीचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण इथे आपण फसतो. पाचशे बैठका हा ताकदीचा व्यायाम नाही. पहिल्या पंधरा-वीस मारताना जीव जात असेल तेव्हा तो ताकदीचा असतो. एकदा शंभर सहज जमू लागल्या की तो स्नायूंच्या चिवटपणाचा व्यायाम झाला, अर्धा कार्डिओच. ताकद वाढवायची तर आकडा वाढवण्याऐवजी ओझं वाढवावं लागतं. तालमीत त्यासाठी माती, करेला, नाल (उचलायचा जड दगड) आणि मुख्य म्हणजे समोरचा जोडीदार होता. आपण फक्त बैठकांचा आकडा उचलला.

सूर्यनमस्कारांचंही असंच. भराभर घातले तर उत्तम दम काढतात, खांदे-छातीला कामही देतात. पण त्यात ओढण्याची क्रिया नाही, पाठीचा वरचा भाग तसाच राहतो, आणि वजन कायम तुमचंच. सूर्यनमस्कारांना कार्डिओच्या खात्यात मांडा. रागावू नका.

मग आठवडा कसा मांडायचा

जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० सालचं मार्गदर्शन प्रौढांसाठी असं आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार हालचाल. आणि त्यासोबत किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंसाठी ताकदीचा व्यायाम. पासष्टीच्या पुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचाही सराव करावा. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, दुसरं बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं. (रोजची दहा हजार पावलं यात कुठेच नाहीत. तो आकडा १९६५ सालच्या एका जपानी पावलंमोजणीच्या यंत्राच्या नावातून आलाय.)

मध्यम म्हणजे किती? बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतकं. जोरदार म्हणजे चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, इतकं. घड्याळ नसलं तरी चालतं.

ताकदीसाठी जिम असेल तर उत्तमच. नसेल तर पाच क्रिया लक्षात ठेवा: बसून उठणं, वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि ओझं धरून चालणं. माझी बायको सोमवारी आणि गुरुवारी हे घरात करते. जुन्या पाठपिशवीत एक-एक किलोच्या तांदळाच्या पिशव्या भरून ती छातीशी धरते आणि खुर्चीवर टेकून उठते. तीच पिशवी, एक हात टेबलावर टेकवून, दुसऱ्या हाताने कमरेकडे ओढते. ओट्याला हात टेकून जोर काढते. शेवटी दोन हातांत पाण्याचे दोन कॅन घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनाचा हिशेब आपोआप राहतो. सुरुवात चार किलोच्या पिशवीने झाली होती, आता अकरा किलो आहे. ‘बाईमाणसाची बॉडी होईल’ असं शेजारून ऐकायला आलं होतं. अजून तरी ब्लाउज उसवलेले नाहीत. पाळी जाण्याच्या सुमारास हाडं झपाट्याने ठिसूळ व्हायला लागतात, तेव्हा हाडांना ओझ्याची खबर देणारं काहीतरी हवंच.

प्रत्येक क्रिया आठ ते बारा वेळा, दोन-तीन सेट. सेट थांबवायचा तो ‘अजून दोन जमले असते’ अशा वेळी. बारा सहज होऊ लागले की पिशवीत अर्धा किलो टाका. सेटच्या मधे दीड-दोन मिनिटं स्वस्थ थांबा. मधल्या वेळात उड्या मारून ‘दोन्ही एकदमच उरकतो’ म्हणणारे बरेच भेटतात. त्याला सर्किट म्हणतात, वेळ नसेल त्या दिवशी ठीक आहे. पण एरवी त्यात धापेमुळे वजन कमी उचललं जातं आणि मधे मधे थांबल्यामुळे दमही पुरता निघत नाही.

दोन्ही एकाच दिवशी करायचं असेल तर आधी काय? पाच-सात मिनिटं भराभर चालून अंग गरम करा, मग ताकद, मग कार्डिओ. ताज्या पायांनी वजन नीट उचललं जातं आणि थकल्या पायांनी चालायला काही बिघडत नाही. उलट क्रमाने केलं तर दमसास तेवढाच वाढतो, पण पायांची ताकद जरा कमी वाढते. शर्यतीची तयारी असेल तर मात्र धावणं आधी, कारण त्या काळात महत्त्व त्याला. सकाळी एक, संध्याकाळी एक असं जमलं तर आणखी चांगलं. आणि जड बैठकांच्या दुसऱ्याच दिवशी टेकडीवर पळायला जाऊ नका. मी गेलोय. मांड्या इतक्या आंबल्या होत्या की उतरताना रेलिंगला धरून आडवा उतरत होतो, आणि वरून येणाऱ्या आज्जी मला वाट करून देत होत्या.

माझा आठवडा सध्या असा असतो: सोमवार-गुरुवार ताकद, प्रत्येकी चाळीस मिनिटं. मंगळवार आणि शनिवार भराभर चालणं. बुधवारी सायकल, कारण सायकलने पायांना धावण्याइतके हादरे बसत नाहीत आणि गुरुवारच्या बैठकांना पाय ताजे मिळतात. रविवारी टेकडी, सावकाश, लांब. शुक्रवारी काही नाही, आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही.

नव्याने सुरू करणाऱ्याने एवढं सगळं पहिल्या सोमवारी काढू नये. आधी जे चाललंय त्यात फक्त दुसऱ्या वाडीतलं वीस मिनिटांचं एक सत्र घाला. महिनाभराने दुसरं.

छातीत दुखणं, चक्कर, अचानक धाप यांपैकी काही होत असेल तर आधी डॉक्टर. रक्तदाब असणाऱ्यांनी वजन उचलताना श्वास कोंडू नये, उचलताना सोडावा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला त्रास असेल तर जड वजनाआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

खाण्याबद्दल थोडं. गवंडी आला, पण विटाच नाहीत, अशी आपल्या बहुतेक घरांत गत असते. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री वरण-भात, वरणही पातळ. व्यायाम करणाऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं असली तर बरं. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९६ ग्रॅम. एका अंड्यात सहा, मोठ्या पेलाभर दुधात आठ, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंचवीसेक. म्हणजे प्रोटीन पावडरचे डबे न विकत घेताही जमतं, फक्त प्रत्येक जेवणात आठवण ठेवून काहीतरी टाकावं लागतं: उसळ, दही, शेंगदाणे, मासे, जे घरात चालतं ते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा.

राहता राहिला खंडाचा प्रश्न. लग्नसराई येते, ताप येतो, मार्चअखेर येते. यावरही हिक्सननेच काम केलंय. आठवड्याला सहा दिवसांचा सराव दोन दिवसांवर आणला, पण त्या दोन दिवसांचा जोर पूर्वीचाच ठेवला, तर कमावलेला दमसास पंधरा आठवडे टिकून राहिला. ताकदही आठवड्यातल्या एखाद्या जड सत्रावर बराच काळ तग धरते. म्हणजे वेळ कमी पडला तर दिवस कापावेत, वजन आणि वेग कापू नये. यंदा मे महिन्यात आमच्या घरी तीन लग्नं होती. सोमवारची पिशवी आणि रविवारची टेकडी, एवढंच हाती राहिलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मांड्या आंबल्या खऱ्या, पण पिशवीतला तांदूळ कमी करावा लागला नाही.